उद्घाटनाचा नारळ फोडल्याबाबत

कुलूप का फोडलं ते मला विचारता, मग एका दाराला दोन कुलपं कोणी लावली ते आधी लिहून घ्या. साहेब म्हणतात, बाई, आधी नाव. तर नाव कुशाबाई संपत भोर, वय शेहेचाळीस, शिक्षण दुसरी, धंदा चहाची टपरी, राहणार वडाचा मळा, तालुका जुन्नर. समक्ष विचारल्यावरून सांगते ती हकीकत अशी.

माझा मुलगा सूरज नारायणगावच्या मार्केटात टोमॅटोचे क्रेट गाडीत चढवतो. पाठ दुखते म्हणून त्याच्या टोळीतली पोरं एक गोळी खायची. एक मोटारसायकलवाला आणून द्यायचा, डॉक्टरची चिठ्ठी लागत नव्हती. आधी पाठीसाठी खाल्ली, मग पाठ दुखत नसली तरी खाल्ली. नर्स वृषालीताई म्हणाल्या की ती अफूच्या जातीची असते, नुसतं सोड म्हणून सुटत नाही.

गावात अशी पोरं वाढली म्हणून समाजमंदिराशेजारी दोन खोल्यांचं व्यसनमुक्ती केंद्र झालं. मंजूर होईस्तोवर रखमाजी अण्णांची पार्टी म्हणत होती, नशेबाजांवर पैसा कशाला, रस्ता करा. भिमाजी शेठची पार्टी म्हणत होती, केंद्र करा, पण निधी आमच्या आमदारांच्या नावाने आला पाहिजे. निधी आल्यावर दोन्हीकडचे म्हणाले, आम्हीच आणला. दोघांनी आपापली पाटी बसवली, दोन्ही पाट्यांवर कापड. एकाने परस्पर फीत कापू नये म्हणून दोघांनी आपापलं कुलूप लावलं. उंबऱ्यावर हळदकुंकू लावून नारळ ठेवला, तो वाळून खुळखुळायला लागला. नेमणूक झालेल्या वृषालीताई रोज माझ्या टपरीच्या बाकड्यावर बसायच्या. त्यांची खुर्ची आत, औषधं आत, त्या बाहेर.

सोमवारी दुपारी सूरज टपरीमागे गोणपाटावर निजला होता. मला वाटलं थकलाय. मग घोरणं वेगळं यायला लागलं, हंडा भरत आल्यावर पाण्याचा येतो तसा आवाज. मग तोही थांबला. ओठ जांभळे, नखं जांभळी. वृषालीताईंनी पापणी वर केली तर बुबुळातला काळा ठिपका मोहरीहून बारीक. त्या म्हणाल्या, "मावशी, ह्याच्यावर इंजेक्शन आहे. पण ते आत आहे." रुग्णवाहिकेला फोन लावला, गाडी लांब होती. अण्णांच्या माणसाला किल्ली मागितली. तो म्हणाला, "आमचं उघडून उपेग काय, मावशी? त्यांचं ऱ्हातंयच की." शेठच्या माणसाला मागितली. तो म्हणाला, "आधी त्यांना उघडू द्या, मग आमी न्हाई म्हनत न्हाई."

ताई सूरजच्या तोंडाला तोंड लावून फुंकर घालत होत्या. मी म्हटलं, "तुमची सरकारी नोकरी, तुमी दाराला हात लावू नका." आलं कुटायचा लोखंडी बत्ता घेतला आणि दोन्ही कुलपं फोडली. आधी कोणाचं फोडलं असं साहेबांनी पुन्हा पुन्हा विचारलं. जे हाताला जवळ होतं ते.

इंजेक्शनची बाटली माझ्या करंगळीच्या पेराएवढी. ताईंनी ते औषध मांडीत टोचलं. पुढचं मला नीट सांगता येत नाही. गाईच्या पोटातून अडलेली वासरं मी हाताने ओढून काढली आहेत, मरणंही पुष्कळ पाहिली. गेलेलं माणूस मागे फिरताना पाहिलं नव्हतं. आधी काहीच नाही. मग छाती हलली, पिंपळाचं एखादं पान हलतं तेवढी. मग श्वास. मग आणखी एक. ओठांवरचा जांभळा रंग उतरला आणि त्याचा स्वतःचा रंग चढला, तो चढताना मी डोळ्यांनी बघितला. टपरीवरचा चहा उतू गेला, कोणी गॅस बंद केला नाही. वळून बघते तर जमलेली माणसं, दोन्ही पार्ट्यांची, चपला काढून उभी. काढा असं कोणी म्हटलं नव्हतं.

सूरजने डोळे उघडून मला शिवी हासडली. मी म्हटलं, "दे बाबा, अजून दे."

गाडी आली, ताई त्याला घेऊन गेल्या. मला गाडीत जागा नव्हती. उंबऱ्यावरचा नारळ मी उचलला आणि पायरीवर फोडला. आपलं माणूस वाचलं की नारळ फोडतात, एवढंच डोक्यात होतं. खोबरं वाटलं, सगळ्यांनी हात पुढे केले. चावता चावता शेठच्या माणसाचा जबडा थांबला. "आयला, ह्यो उद्घाटनाचा नारळ व्हता का?" अण्णांचा माणूस म्हणाला, "मंग झालं की राव उद्घाटन! पर कुनाच्या हातनं झालं म्हनायचं?" दोघांनी माझ्याकडे बघितलं.

दुसऱ्या दिवशी अण्णा आणि शेठ एकाच अर्जावर सह्या करून आले. गावाने असं कधी पाहिलं नव्हतं. अर्जात कुलपांची एक ओळ आहे, बाकी सगळा नारळ. त्या अर्जावरून पोलिसांनी केंद्राला सील लावलं. इंजेक्शनं पुन्हा आत, ताई पुन्हा बाकड्यावर.

ताई म्हणतात, दवाखान्यातून सुटल्यावरचे दिवस सगळ्यात वाईट. शरीराची सवय मोडलेली असते, जुन्या मापाने गोळी पोटात गेली की पुन्हा तेच. सूरज संकष्टीला घरी येतोय. मोटारसायकलवाला अजून मोकळाच फिरतो, त्याला तेवढं कुलूप कोणी लावलं नाही.

कुलपं मी समजून उमजून फोडली. नारळ उद्घाटनाचा म्हणून फोडला नाही. हवे तर दोघांना एकेक नवा आणून देते. बत्ता जप्त केलाय तो परत द्या, टपरी बिनआल्याची चाललीय.

जबाब मला वाचून दाखवला. कुलपांपुढे साहेबांनी 'भावनेच्या भरात' असं घातलं होतं, ते खोडायला लावलं. बाकी मी बोलले तसंच आहे, म्हणून सही करते. संकष्टीला अण्णा आणि शेठ दोघेही ओझरला दर्शनाला जातात. त्या दिवशी सकाळपर्यंत मला उत्तर पाहिजे, केंद्र उघडताय का नाही. फीत कोणीही कापा. नाहीतर मी ओझरला देवळाच्या पायरीवर बसलेली असेन, आणि येणाऱ्या प्रत्येकाला हे पहिल्यापासून सांगेन.