तो तसं म्हणाला नाही

नाही हो, आजारी-बिजारी काही नाही तो — आत खिडकीशी बसलाय, तुम्ही बसा ना, ते कापड सरकवा जरा, जपून, टाचण्या आहेत त्यात — मीच पाठवलं नाही त्याला. दोनदा तुमची गाडी आली आणि दोन्ही वेळा मी ड्रायव्हरला सांगितलं, भाऊ झोपलाय. छत्तीस वर्षांचा माणूस भर दिवसा कशाला झोपेल? पण त्याने मान डोलावली आणि गेला. अशा माणसांबद्दल काहीही सांगितलं तरी लोकांना पटतं.

जरा हळू बोलू या. त्याला सगळं ऐकू जातं, कळतंही सगळं — शब्द तेवढे नीट येत नाहीत तोंडातून, जन्मापासूनचंच आहे ते, हातपायही तसेच. त्याचं बोलणं आईला कळायचं आणि मला. आई गेली, उरले मी. म्हणून तर तुम्ही तुमच्या त्या संशोधनाच्या गटात मला त्याच्या शेजारी बसवलंत — तो बोलेल, ताई सांगेल. मला आवडलं होतं ते, खोटं कशाला बोलू? मनाच्या आजारांवरचं संशोधन, आणि लोकांना काय विचारायचं ते ठरवायला माझा भाऊ. घरी पाहुणे आले की त्याच्यादेखत मला विचारतात, हा चहा घेतो का म्हणून. आणि तुम्ही त्याला विचारलंत, माणसं उदास का होतात. त्या दिवशी सकाळपासून इस्त्रीचा शर्ट घालून बसला होता.

पण मग तुम्ही तो प्रश्न काढलात ना, घरात कशाची भीती वाटते. मला वाटलं, अंधार म्हणेल, विजा म्हणेल. तर त्याने उजवा हात उचलला — तेवढाच चालतो — आणि माझ्या इथं, छातीशी डाव्या बाजूला ठेवला आणि बोलायला लागला. तुम्ही सगळे माझ्याकडे बघायला लागलात. मी काय सांगितलं? म्हटलं, तो म्हणतोय ताईवर माझा फार जीव आहे. किती छान हसलात तुम्ही. त्याने टेबलावर हात आपटला, तर म्हटलं दमलाय.

आणि ती पोरगी — तुमच्या गटातली ती सतरा वर्षांची, बाह्या बोटांपर्यंत ओढून बसते, कुणाशी बोलत नाही — ती म्हणाली, "ताई, तो तसं म्हणाला नाही." तिला काय त्याची भाषा येते? नाही येत. पण बाकी सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते, ती माझ्या तोंडाकडे बघत होती. खुर्ची ओढून त्याच्यासमोर आली, त्यालाच विचारलं, तुला दुखतं का? त्याने मान हलवली, नाही. मग ताईला? — आणि मी उठले. त्याच्या चाकांच्या खुर्चीचा ब्रेक काढला, वळवली, निघाले. चपला धड पायात नव्हत्या. एवढ्याशा पोरीला घाबरले मी.

दुखत नाही तसं. सांगितलं ना, दुखत नाही. गाठ आहे. बोराएवढी — पहिल्यांदा हाताला लागली तेव्हा. कुणाला बोलले नाही. त्यालाही नाही. पण रोज सकाळी मी त्याला पलंगावरून उचलते, त्याचं डोकं माझ्या डाव्या खांद्यावर टेकतं, इतकी वर्षं डाव्याच. उन्हाळ्यात मी बाजू बदलली. झालं, तेवढ्यावरून ओळखलं त्याने.

डॉक्टर काय करतील? ठेवून घेतील. मग याला कोण उचलेल, तुम्ही? रागावू नका, मॅडम, पण मागे मला टायफॉइड झाला तेव्हा एका संस्थेत ठेवला होता त्याला. वाईट नव्हती हो, बागसुद्धा होती. पण त्याचं बोलणं कळणारं तिथं कुणी नव्हतं. पाणी मागायचा, तर कूस बदलून द्यायचे. ओरडला तर झोपेची गोळी. शेवटी त्याने बोलणंच सोडलं. घरी आणला तरी कितीतरी दिवस तोंडातून आवाज नाही. मी शिवायला बसले की नुसता बघत राहायचा, ही उठून कुठं जाते की काय म्हणून. मनाला काय होतं ते शोधताय ना तुम्ही? ते तसं होतं.

तेव्हा नाव काढून टाका त्याचं. मी सही देते. — काय? त्यालाच विचारायचंय? बहिणीच्या सहीवर नाही चालत?

विचारा मग. या आत. बघा, ऐकलंय त्याने सगळं, चेहराच सांगतोय. विचारा, मी मध्ये बोलत नाही.

झालं त्याचं बोलून. माझ्याकडे काय बघता — हो, मलाच सांगावं लागणार, दुसरं आहे कोण. तो म्हणतोय, गटात यायचंय. आणि पुढं — पुढं काही नाही, एवढंच — हात नको रे आपटूस. सांगते. सांगते ना. तो म्हणतोय, आधी हिला दवाखान्यात न्या. ती परत येईपर्यंत मी राहीन तिकडं. संस्थेत. म्हणतोय, मला भीती वाटते तिथली, पण राहीन.

आता काही विचारू नका. येते मी दवाखान्यात — आज, हो, आजच, उद्या धीर होणार नाही माझा. तुम्ही बाहेर थांबा. जा ना, मॅडम. दार लोटून घ्या.