कोनाड्यातला डबा

रुक्मा : शंभरातले तीनच दाणे?

हयात : तीनच उगवले. महिनाभर वाट पाहिली, बोज्यू. मग माती उकरून बघितलं. बाकीचं बियाणं कुजलं होतं.

(जोहार खोऱ्यातलं उंचावरचं, थंडीत बर्फामुळे रिकामं होणारं गाव, आषाढ. रुक्माचा धाकटा दीर हयात खालच्या औषधी वनस्पतींच्या रोपवाटिकेतून दीड दिवस चालून आलाय. तिने त्याच्यापुढे मिठाचा चहा ठेवलाय. स्वतः घेतलेला नाही. तिचा नवरा, म्हणजे हयातचे दाज्यू, गेल्या थंडीच्या तोंडाशी वारले.)

रुक्मा : तुमच्या नर्सरीच्या मातीतच खोट असेल.

हयात : माती चांगली आहे. बियाण्याची पिशवी थंडीभर खालच्या घरात चुलीवर टांगलेली होती. अतीसच्या बियाला ऊब सोसत नाही.

रुक्मा : ओल लागू नये म्हणून टांगली. रोज सकाळी चाचपून बघायचे मी. तुझ्या दाज्यूंनी स्वतः खुडलेलं बी ते. त्यानंतर आठवड्यानं ते गेलेच.

हयात : मी त्यांना सांगितलं होतं, थंडीत ठेवा म्हणून.

रुक्मा : माहीत आहे. घरी येऊन हसत होते. म्हणाले, हयात आता बियांना बर्फात निजवायला सांगतोय.

हयात : तेव्हापासून माझ्याशी बोलणं टाकलं त्यांनी.

रुक्मा : त्यामुळे नाही. तू वर यायचं सोडलंस, त्यामुळे.

हयात : बोज्यू, एक सांगायचंय. तेराव्याला आलो तेव्हाच मी ती पिशवी चुलीवर टांगलेली बघितली होती.

रुक्मा : मग?

हयात : तुम्ही तिच्यावर हात ठेवून उभ्या होतात. मला सांगणं जमलं नाही.

रुक्मा : बोलायला हवं होतंस.

हयात : हो.

रुक्मा : वरच्या कुरणावर आता अतीसचं एक झाड उरलं नाही. औषधाच्या मुळ्यांसाठी सगळं खणून नेलं लोकांनी. होतं ते त्या पिशवीत.

हयात : आणि पत्र्याच्या डब्यात. पिशवीबरोबर पाठवलात तो. तो कुठे ठेवला होतात?

रुक्मा : ठेवला कुठला. मीच टाकून गेले होते. माझ्या हातचं बी होतं त्यात. कार्तिकात खाली उतरताना ओझं नको वाटलं. पिशवी घेतली, डबा इथेच कोनाड्यात राहू दिला. म्हटलं, पेरायचंय कुणाला. वैशाखात आले तर होता तसाच, मेणकापडात गुंडाळलेला.

हयात : थंडीभर इथे? बर्फात?

रुक्मा : छपरापर्यंत होतं म्हणे.

हयात : त्यातले अडुसष्ट उगवले.

रुक्मा : शंभरातले?

हयात : शंभरातले. दोन-दोन पानं आलीत. नर्सरीचे साहेब स्वतः येऊन बघून गेले.

रुक्मा : जपलं ते मेलं, आणि टाकलं ते जगलं. याला काय म्हणायचं रे?

हयात : काही म्हणू नका. थंडी मिळाली त्याला, एवढंच.

रुक्मा : तुझे दाज्यू असते तर चिडले असते.

हयात : आधी चिडले असते. मग वाफा खणायला घेतला असता.

रुक्मा : मूळ काढण्याजोगं व्हायला किती वर्षं?

हयात : चार. रोपं इथेच लावायला हवीत, खाली टिकणार नाहीत. मी दर उन्हाळ्यात महिनाभर येईन. पण हंगामाचे बाकीचे दिवस कुणीतरी इथे राहायला हवं.

रुक्मा : यंदा शेवटचं म्हणून वर आले होते मी. पोरीला तसं सांगूनही आले.

हयात : मग राहू द्या. दुसऱ्या कुणाला विचारतो.

रुक्मा : गावात आहे कोण विचारायला?

हयात : कुणी नाही.

रुक्मा : मागच्या शेताचा बांध ढासळलाय. मेंढ्या सरळ आत येतात. चहा संपव, मग दगड उचलू. मोठे तू घे.