एकोणीस वर्षं रजा न घेतलेला देवमाणूस

मंडळी, आज देवाच्या दारात एक अडचणीचा प्रश्न घेऊन उभा आहे. माणसावर भरवसा टाकावा, की त्याचं काम तपासावं? पहिल्या रांगेतून आलं, "बुवा, भरवसाच!" बरं. मग ऐका!

दक्षिण कोकणातलं एक बंदर. नाव सांगत नाही, तिथले जावई इथे बसलेत! तिथे मच्छीमारांची सोसायटी आणि सोसायटीचा डिझेलपंप. महिन्याला ठरलेला कोटा, सवलतीच्या भावात. पण व्हायचं काय? चोवीस तारीख आली की टाकी कोरडी! मग आठवडाभर होड्या वाळूत, जाळी उन्हात आणि खलाशांच्या चुली थंड. शेवटी नलिनी केळुसकर नावाच्या बाईंना बोलावलं. हिशेबातली लबाडी हुडकायची, सव्वीस वर्षं हेच त्यांचं काम. अहो, असंही काम असतं!

बाईंनी वह्या उघडल्या. अक्षर सुंदर, बेरजा चोख, प्रत्येक होडीपुढे सही. खटकलं ते भिंतीवर! तिथे फोटो होता पंप सांभाळणाऱ्या दिगंबर मोंडकरांचा, शाल-श्रीफळ घेताना. खाली लिहिलेलं: एकोणीस वर्षांत एकही रजा नाही!

बाई चेअरमनना, जनार्दन तांडेलांना म्हणाल्या, "यांना दहा दिवस सक्तीची रजा द्या."

चेअरमन उसळले! "बाई, तुमी काय बोलतास? आमचो दिगंबर देवमाणूस आसा! आवस गेली त्या दिवशी मसणातसून थेट पंपार इलो!"

बाईंनी कपाळाला हात लावला. "आई गेली त्या दिवशीसुद्धा जो दुसऱ्याच्या हातात किल्ली देत नाही, तो एवढा कशाला घाबरतो, हो? टाकीत मापाची काठी कोण बुडवतं?"

"दिगंबर."

"वहीत कोण लिहितं?"

"दिगंबर."

"आणि वही तपासतं कोण?"

"दिगंबरच! पण वर देव बघता ना!"

"देव वरून बघतो हो! आता त्यालाच खाली उतरून काठी बुडवायला लावता?"

हसताय? सव्वीस वर्षं गावोगाव हेच उत्तर ऐकून त्या बाईंचे केस पिकले! जिथे जावं तिथे एक देवमाणूस, आणि त्याच्याच हातात सगळ्या किल्ल्या. बाई चिडून उठल्याच. "रजा नाही, तर अहवालही नाही. चोवीस तारखेला खलाशांच्या बायकांना तुम्हीच तोंड द्या!"

तेव्हा कुठे चेअरमन नमले. आणि दिगंबर? चेअरमनपुढे हात जोडून उभा! "तात्यानू, रजा नको. होयो तर पगार कापा!"

पेटीवाले, तुम्ही कधी असं म्हणालात? नाही ना! अहो, रजा नको म्हणून पगार कापून घेणारा माणूस! पण अजून कोणाला शंका नाही. उलट बायकांनी डोळे पुसले!

दहा दिवस बाई स्वतः पंपावर बसल्या. होडी आली की बघायची, मोजायचं, लिहायचं. अकराव्या दिवशी चेअरमनपुढे वही ठेवली. "तांडेल, दिगंबर रजेवर गेले, तशा तीन होड्याही रजेवर गेल्या! ही ‘रत्नदीप’ का नाही आली?"

"रत्नदीप? ती वादळात फुटली! चार वर्सां झाली."

"मागच्या महिन्यात तिने तीनशे लिटर डिझेल घेतलंय."

मंडळी, फुटलेली होडी! तीनशे लिटर! दुसरी विकलेली, तिसरीत कोंबड्या अंडी घालत होत्या. त्यांच्या नावावर लिहिलेलं डिझेल परस्पर विकलं जात होतं.

दिगंबरला बोलावलं. तो जमिनीवर बसला. "बाई, पयल्यांदा पन्नास लिटर घेतलंय. चेडवाची, माझ्या पोरीची फी भरूची होती. वाटलां, पुढच्या म्हयन्यात भरून टाकतलंय. म्हयनो गेलो, वर्स गेलां, कोणी काठी बुडवूक नाय. एकदा जरी कोणी बघितलां असतां, तर मी थंयच थांबलंय असतंय. आवशीक अग्नी दिलंय, पण रडाक सुदीक थांबाक गावलां नाय."

बाईंचा राग दिगंबरवरून उतरला आणि चेअरमनवर गेला. "आता पोलिसांत द्यालच याला. द्यायलाच हवं! खलाशांच्या पोटावर पाय दिलाय याने. पण एकोणीस वर्षं हा तुमच्याच पंपावर कोंडलेला होता, आणि बाहेरून कडी तुम्ही लावलीत. वर सत्कार केलात!"

पुढे दिगंबरने राहतं घर विकून भरपाई केली, शिक्षाही भोगली. पण त्याआधी, चोरी पकडल्यावर पुढच्याच महिन्यात पंचवीस तारखेला सगळ्या होड्या समुद्रात होत्या. सोसायटीत त्या दिवशी पेढे वाटले. दिगंबरच्या घरी द्यायला कोणी गेलं नाही.

म्हणे भरवसा! मंडळी, तो आळस होता. आपण बघायचा कंटाळा करतो आणि त्याला प्रेमाचं नाव देतो. देवाने डोळे दोन-दोन दिलेत प्रत्येकाला, ते काय फक्त मूर्ती बघायला?

आता सांगा, या देवळाच्या दानपेटीची किल्ली किती जणांकडे आहे? एकाच? कोण? अच्छा, हे काका! काका, मान खाली घालू नका, तुमच्यावर आळ नाही. उलट तुमची दया येते. मंडळी, आता नामाचा गजर करा, मोठ्याने! आणि गजर चालू असतानाच एकाने उठून बाजारातून दुसरं कुलूप घेऊन यावं, त्याची किल्ली दुसऱ्या कोणाकडे! काका, उद्यापासून तुम्ही सुटलात!