चौदा-ए, चौदा-बी

...आणि वर तो काउंटरवरचा पोरगा मलाच म्हणतो, "काका, शांत व्हा!" अहो, मी शांतच होतो! माझा आवाजच तसा आहे. जन्म गेला बातमीदारीत. मागच्या रांगेतून मंत्र्याला प्रश्न विचारायचा तर घसा खणखणीतच लागतो. आता माझा आवाज काउंटरच्या काचेवर आपटला आणि काच हादरली, तर त्याला मी काय करू? पण तुम्हाला सांगतो, विमान कंपनीच्या त्या गारेगार कचेरीत, त्या मऊ खुर्च्यांत, त्या कुठून तरी झिरपणाऱ्या संगीतात आवाज चढवणं हाच गुन्हा. सगळं कसं हळुवार. नाही म्हणणंसुद्धा हळुवार!

मुळात झालं काय, लेकीनं आम्हा दोघांना तिच्याकडे बोलावलं. तिकिटं तिनंच काढून पाठवली. आता आमची ही... हिनं विमान कधी आतून पाहिलेलं नाही. मी कामासाठी ढीगभर उडालो, आणि परत आलो की जेवताना हिला ढग सांगायचो. "खालून दिसतात ते काही खरे ढग नव्हेत गं. खरे वर असतात. पिंजलेला कापूस पसरलाय आणि त्यावर ऊन लोळतंय!" ताटावरचा हात तसाच ठेवून ऐकायची बिचारी. हिनं आजवर पाहिलेले सगळे ढग माझ्या तोंडून निघालेले! म्हणून मी मनाशी धरलं होतं, ही पहिल्यांदा वरून ढग बघेल तेव्हा मी शेजारी असणार. तिला खिडकी आणि मला तिचा चेहरा. बस्स, एवढंच. फार मागितलं का हो? सांगा ना!

आणि तिकिटं बघतो तर काय... हिच्या विमानाचा नंबर वेगळा, माझ्या विमानाचा वेगळा! कंपन्याही वेगळ्या! दोन्ही सुटणार एकाच वेळी, उतरणार एकाच गावी. आणि नशिबाची चेष्टा बघा, हिची सीट चौदा-ए, माझी चौदा-बी. म्हणजे शेजारचीच, पण दुसऱ्या विमानात! मला तर ते दृश्यच दिसायला लागलं. निळंभोर आभाळ, दोन विमानं बहिणी-बहिणींसारखी शेजारून चाललीत, ही तिकडच्या खिडकीला नाक लावून बसलीय, मी इकडून मान लांब करतोय. ती ओठ हलवून विचारते, "हेच का हो ते?" मी ओरडतो, "हो, हेच, कापूस!" आणि मध्ये एक ढग येतो, लांबच लांब... आणि ही पुसली जाते.

ही म्हणाली, "अहो, लेकीला एकदा विचारा की." म्हटलं, "बातमीदार आहे मी! मुळाशी जाऊन विचारीन!" गेलो मुळाशी.

मुळाशी एक टायवाला बसला होता. म्हटलं, "नवरा-बायकोला दोन विमानांत कोंबायचं कारण काय?" त्यानं संगणकाच्या पडद्याकडे पाहिलं. अशा नजरेनं, की पडद्यात त्याचं गाव असावं आणि त्याला सुट्टी मिळत नसावी. म्हणाला, "सर, सिस्टीममध्ये तसंच दिसतंय." म्हटलं, "मला सिस्टीमचं नको, तुमचं मत सांगा." "सर, हे नंबर जे आहेत ना..." म्हटलं, "नंबर मला वाचता येतात!" "हो सर, पण सिस्टीममध्ये..." "तसंच दिसतंय! ऐकलं!"

मग त्याच्या वरच्या बाई आल्या. त्या तर बोलल्या की झोपच यावी असा आवाज. "सर, जगातल्या सगळ्या विमानांतल्या सगळ्या सीटा ना, एका ठिकाणी असतात..." तुम्हाला सांगतो, क्षणभर मी भांडण विसरलो. डोळ्यांपुढे एक अवाढव्य अंधारा हॉल, त्यात लाखो खुर्च्या तरंगतायत, रिकाम्या, एकेका माणसाची वाट बघत. कुठल्याशा गावात कोणी तरी बोट लावतं, की एक खुर्ची मंद होते. साऱ्या जगात त्याच क्षणी मंद! कोणी सोडली, की पुन्हा उजळते. काजव्यांचं झाड पाहिलंय का कधी? तसं. आणि त्या एवढ्या खुर्च्यांत दोन आमच्या. एक हिची, एक माझी, आणि मध्ये एवढं आभाळ!

"म्हणजे सर, एकच विमान कधी कधी..." बाई म्हणत होत्या. मी काजव्यांतून जागा झालो. म्हटलं, "एकच! तेच तर म्हणतोय मी! एकच विमान पाहिजे! माझं तिकीट रद्द करा आणि मला हिच्या नंबरावर बसवा!" "सर, आधी ऐकून तर..." "रद्द करा!" "सर, एकदा सोडलेली सीट..." "सोडा म्हणतो ना!"

खट्.

गेली. चौदा-बी उडाली आणि त्या अंधाऱ्या हॉलमध्ये उजळून बसली.

"आता हिच्या नंबरावर द्या," मी म्हटलं. विजयी स्वर, बरं का! टायवाला म्हणाला, "त्या नंबरावर जागा नाही, सर." "का?" "त्या कंपनीच्या वाट्याच्या सीटा संपल्या." मी म्हटलं, "वाट्याच्या म्हणजे?" आणि बाईंनी अखेर वाक्य पूर्ण केलं. "सर, विमान एकच आहे. दोन कंपन्या मिळून विकतात. आपापल्या नंबरानं, आपापल्या वाट्याच्या सीटा. एका घराला दोन दारं, दोन पाट्या. आत बैठकीची खोली एकच. तुमच्या मुलीनं अगदी शेजारशेजारच्या सीटा मिळवल्या होत्या."

ते झिरपणारं संगीत त्या वेळी किती स्पष्ट ऐकू आलं मला!

म्हटलं, "मग माझी चौदा-बी मला परत द्या." टायवाल्यानं पडद्याकडे पाहिलं. "गेली, सर." "कधी?" "आत्ता आपण बोलत होतो ना... तेव्हा." "कोणी घेतली?" "ते नाही सांगता येत, सर. सिस्टीममध्ये फक्त गेलेली दिसतीय."

मिळालं मला दुपारचं विमान. हिला सकाळी विमानतळावर सोडायला गेलो. फलकावर एकाच ओळीत दोन नंबर आळीपाळीनं येत होते. हिचा, माझा, हिचा, माझा... जणू आम्ही दोघंच एकमेकांना हाका मारतोय. ही म्हणाली, "काळजी करू नका हो, मी बसेन." आणि गेली, पर्स पोटाशी धरून. मग काचेपल्याड ते विमान उचललं गेलं, चौदा-ए, चौदा-बी सगळ्यांसकट, आणि बघता बघता ढगात मिसळलं. पुसलंच म्हणा!

संध्याकाळी लेकीच्या घरी पोचलो, जेवायला बसलो. मी काही बोलायच्या आत ही सुरू! "अहो, कापूस कुठला? गच्चीवर साबणाचं पाणी ओतून कोणी तरी गच्ची अर्धवट घासून निघून गेल्यासारखं दिसतं!" माझा एवढ्या वर्षांचा कापूस... एका वाक्यात ओला! पण तुम्हाला सांगतो, तिचे डोळे असे काही चमकत होते, की मी ताटावरचा हात तसाच ठेवून ऐकत राहिलो. शेवटी विचारलंच, "चौदा-बीवर कोण होतं?" म्हणाली, "होते कोणी गृहस्थ. इतकं छान वाटत होतं, घटकाभर वाटलं तुम्हीच बसलाय. मग लक्षात आलं, गप्प आहेत. म्हणजे तुम्ही नव्हे."

आता परतीची तिकिटं आलीयत. उघडून बघतो, तर पुन्हा दोन नंबर! मी हूं की चूं केलं नाही. शहाणा झालोय म्हटलं मी आता! एका घराला दोन पाट्या! हसत हसत हिला म्हणालो, "बघ, नंबर वेगळे, पण विमान एकच."

ही कपड्यांच्या घड्या घालता घालता म्हणाली, "नाही हो, या वेळी विमानंही दोनच आहेत. मीच सांगितलं लेकीला. ढग पुन्हा एकदा नीट बघायचेत मला. तुम्ही उतरलात की सांगेन ना सगळं!"

लेकीकडे पाहिलं. तिनं खांदे उडवले. "बाबा, सिस्टीममध्ये तसंच दिसतंय."