नेहमीचाच उन्हाळा

धाकटा: उठलास तर हा गज डोक्यात घालीन.

दादा: काच फोडलीस, कॉम्प्युटर फोडलास, माझं कपाळ फोडलंस. आता काय राहिलंय?

धाकटा: तू राहिलायस.

बातमीदार: अहो, रक्त वाहतंय साहेबांचं! ठेवा तो गज खाली!

धाकटा: बाई, मध्ये पडू नका. हा तुमचा संपादक माझा सख्खा भाऊ आहे. आमची अक्का गेली आज. पत्र्याच्या खोलीत भाजून गेली.

दादा: अक्का? काहीतरीच काय बरळतोस!

धाकटा: फोन उचलला असतास तर कळलं असतं. सकाळी न्यायला गेलो होतो तिला. म्हटलं, वीजघरानं मला दिलेल्या क्वार्टरमध्ये गारवा आहे, चल. तर तिनं तुझा पेपर माझ्या नाकासमोर धरला. 'नेहमीचाच उन्हाळा, घाबरू नका.' म्हणाली, दादा उगाच छापायचा नाही. दुपारी वीज गेली. संध्याकाळी मी दार तोडलं.

दादा: अरे देवा...

बातमीदार: मी 'नेहमीचाच' लिहिलं नव्हतं हो. 'जीवघेणी लाट, पत्र्याची घरं सोडा' असं लिहिलं होतं. वीजघरात कोळसा जाळून तापमान कसं वाढतंय, तेही शास्त्रज्ञांना विचारून लिहिलं होतं. साहेबांनी सगळं उडवलं.

दादा: रोज प्रलय छापला तर पेपर कोण वाचेल? वीजकंपनीच्या जाहिरातींवर पेपर चालतो; तिच्यावर खापर फुटलं तर मालक मला ठेवतील? आणि तू रे? आयुष्यभर वीजघराच्या त्या भट्टीत कोळसा तूच लोटतोस ना?

धाकटा: लोटतो! लाज वाटते, तरी लोटतो. पण भट्टीला गार म्हणत नाही!

(गज दादाच्या हातावर बसतो.)

दादा: आई गं! मोडला रे हात!

बातमीदार: बस करा! जीव घ्याल त्यांचा!

धाकटा: आई गेल्यावर आपल्याला तिनं वाढवलं, दादा. तिनं!

दादा: मार. थांबू नकोस, मार.

(धाकटा गज खाली टाकतो.)

दादा: बाई, पहिलं पान थांबवा. तुमची बातमी होती तशी घ्या. मालकांचं मी बघतो. आणि खाली अक्काची. मी सांगतो, तुम्ही लिहा. बोटं हलत नाहीत माझी.

बातमीदार: सांगा.

दादा: 'उष्णतेच्या लाटेचा बळी. राहत्या घरी निधन.' मग... 'त्यांच्या पश्चात दोन भाऊ आहेत.'

धाकटा: एक लिहा, बाई.