अर्ध्यात थांबलेली धाव

रोवीना : पुन्हा बघ. या खेपेला चेंडूकडे नको, स्वतःकडे बघ.

जॅवारिस : बघतोय, मॅडम.

रोवीना : कुठे आहेस तू?

जॅवारिस : तो काय, डावीकडे, रेषेजवळ.

रोवीना : आणि टोबायस?

जॅवारिस : उजवीकडे.

रोवीना : मधे मैदान किती आहे?

जॅवारिस : बरंच आहे.

रोवीना : गाईगुरं चरतील एवढं आहे. आणि मघाशी चेंडू झेलणाऱ्या सगळ्या रिसीव्हरांसमोर हात वर करून तू मला काय सांगितलंस?

जॅवारिस : की मी वाट चुकलो. आत शिरलो, टोबायसला आडवा आलो, म्हणून त्याला थांबावं लागलं. माझी चूक.

रोवीना : तुझी सावलीसुद्धा त्याच्या वाटेत नाही, जॅवारिस.

जॅवारिस : टेप जरा अंधुक आलीय यावेळी.

रोवीना : टेप स्वच्छ आहे. मी फ्रॉक घालत होते तेव्हापासून दर रविवारी डॅडींच्या शेजारी बसून या टेपा बघत आलेय. लायब्ररीवाली बाई, हिला खेळातलं काय कळतंय, असं वाटतं का तुम्हाला?

जॅवारिस : नाही मॅडम, देवाशपथ नाही. मी निघू का? आजीनं गंबो केलंय. मी गेल्याशिवाय कुणाला वाढत नाही ती.

रोवीना : वाढेल. आधी मला सांग, वाट चुकणाऱ्याला आपल्याकडे शिक्षा काय?

जॅवारिस : सोमवारी सराव संपला की नदीच्या बांधापर्यंत पळत जायचं आणि पळत यायचं.

रोवीना : आणि जो ठरलेल्या जागेपर्यंत जातच नाही, अर्ध्यात थांबतो, त्याला?

जॅवारिस : पुढच्या शुक्रवारी पहिला अर्धा सामना बाकावर.

रोवीना : चेंडू हातातून सुटला तर?

जॅवारिस : काही नाही. थोरले कोच, तुमचे डॅडी, म्हणायचे, सुटलेला चेंडू अख्ख्या गावानं बघितलेला असतो. त्याची शिक्षा वाण्याच्या दुकानात, न्हाव्याकडे, सगळीकडे होते, मी वेगळी कशाला करू.

रोवीना : आणि थांबलेला रिसीव्हर?

जॅवारिस : तो कुणाला दिसत नाही. चेंडू फेकणारा त्याच्या भरवशावर मोकळ्या जागेत फेकतो, तिथं आपलं कुणी नसतं, समोरचा येऊन झेलतो. मग शिव्या फेकणाऱ्याला.

रोवीना : परवा शुक्रवारी कुणी खाल्ल्या?

जॅवारिस : कॉलिसनं.

रोवीना : आज सकाळी चर्चच्या पायऱ्यांवर डीकन ब्रूसार्ड त्याच्या आईला काय म्हणाले, ऐकलंस?

जॅवारिस : नाही, मी आत होतो, गाणाऱ्यांत.

रोवीना : म्हणाले, पोराचे डोळे तपासून घ्या, दुसऱ्यांच्या पोरांना नेमका फेकतो. हसत म्हणाले. तीही हसली. आणि आत न येता गाडीत जाऊन बसली. प्रवचन संपेपर्यंत तिथंच.

जॅवारिस : गाडीत?

रोवीना : का?

जॅवारिस : काही नाही. कॉलिसचा विचार आमच्या डोक्यात आलाच नाही.

रोवीना : आमच्या म्हणजे कुणाच्या?

जॅवारिस : माझ्या.

रोवीना : जॅवारिस.

जॅवारिस : सगळ्यांच्या, मॅडम. रिसीव्हर आम्ही जेवढे आहोत तेवढ्यांच्या.

रोवीना : मग आता सगळं सांग.

जॅवारिस : थोरल्या कोचना पुरून आलो, त्याच आठवड्यात तुम्ही आमच्यातल्या मायकाला बाकावर बसवलंत. बरोबरच होतं, थांबलाच होता तो. पण त्या दिवशी तुम्ही बाहेर गाडीत जाऊन बसलात. इंजिन चालू, आणि गाडी हलेचना. आम्ही सगळे त्या भिंतीशी उभे होतो. कोचची शवपेटी आम्हीच खांद्यावर नेली होती, आणि आमच्यामुळंच तुम्हाला असं...

रोवीना : मी मायकासाठी रडत नव्हते रे.

जॅवारिस : ते आम्हाला कसं कळणार? म्हणून ठरवलं. कुणी थांबला की टेप तिथं पोचायच्या आत दुसऱ्यानं हात वर करायचा. म्हणायचं, मी वाट चुकलो, माझ्यामुळं तो थांबला. बांधापर्यंत पळून यायला कितीसं लागतं! तुम्हाला कुणाला बसवायला लागत नाही.

रोवीना : आणि मी ऐकून घेत गेले.

जॅवारिस : पहिल्या वेळी आम्हाला वाटलं, आता आपली धडगत नाही. तुम्ही नुसतं 'बरं' म्हणालात.

रोवीना : मला तेव्हाही पटलं नव्हतं. 'बरं' म्हणणं सोपं होतं, म्हणून म्हटलं. हे हात कुणाकुणासाठी वर झाले?

जॅवारिस : एकदोनदा असेच, इकडंतिकडं.

रोवीना : बाकीचे?

जॅवारिस : टोबायससाठी. पण तो आळशी नाहीये, मॅडम. तुम्हाला माहितीये तो कसा पळतो.

रोवीना : माहीत आहे. म्हणून तर विचारतेय.

जॅवारिस : या शुक्रवारी विद्यापीठाचा माणूस त्याला बघायला येतोय. आवडला तर शिक्षण, राहणं, जेवण, सगळं त्यांचं. त्याच्या घरातनं आजवर सगळे कागदाच्या गिरणीतच गेलेत. मला बसवा की त्याच्याऐवजी. माझं नौदलाचं पक्कं झालंय, मला बघायला कोण येतंय?

रोवीना : तू थांबला नव्हतास.

जॅवारिस : तो पहिल्या अर्ध्यात दिसला नाही तर तो माणूस मध्यंतरात कॉफी पिऊन गाडीत बसेल.

रोवीना : बसेलही.

जॅवारिस : मुख्य कोच गिड्री पेटतील.

रोवीना : पेटू देत. रिसीव्हर तू बघ, असं त्यांनीच मला सांगितलंय.

जॅवारिस : थोरल्या कोचनी नसतं बसवलं. अशा शुक्रवारी नसतं.

रोवीना : थोरल्या कोचनी सख्ख्या पुतण्याला जिल्ह्याच्या अंतिम सामन्यात बसवलं होतं. माझ्या काकूनं त्या थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला आमच्या घरात पाऊल टाकलं नाही. दरवर्षी टर्की तीच भाजायची.

जॅवारिस : मग त्या वर्षी?

रोवीना : डॅडींनी भाजला. कुत्र्यानंसुद्धा हुंगून सोडला. टोबायस बाहेर आहे?

जॅवारिस : भिंतीला टेकून उभा आहे. माझ्यासाठी थांबलाय.

रोवीना : त्याला आत पाठव आणि तू घरी जा.

जॅवारिस : मी सांगितलं म्हणून सांगू नका, मॅडम.

रोवीना : आधी टेपनं सांगितलं, मग तू. आणि उद्या बांधापर्यंत सगळ्यांनी पळायचं. खोटं बोलल्याबद्दल. मीही येणार.

जॅवारिस : तुम्ही पळणार?

रोवीना : चालणार. पण येणार.

(जॅवारिस जातो. टोबायस आत येतो.)

टोबायस : काय केलंत त्याला, कोच? दाढ उपटून घेतल्यासारखं तोंड करून गेला.

रोवीना : बस.

टोबायस : ही तर मघाशी बघितली आपण. इथं जॅवारिस मधे घुसला आणि...

रोवीना : टोबायस, शुक्रवारी पहिला अर्धा तू बाकावर आहेस.

टोबायस : कोण, मी?

रोवीना : तू.

टोबायस : या शुक्रवारी? अख्खं वर्ष पडलंय आणि तुम्हाला हाच शुक्रवार मिळाला?

रोवीना : तू मागच्या शुक्रवारी थांबलास. मग हाच येतो.

टोबायस : तो माणूस खास माझ्यासाठी येतोय, मिस रोवीना! माझ्या आईनं गिरणीतली पाळी बदलून घेतलीय!

रोवीना : मला कल्पना आहे. त्या माणसाला मी उद्या सकाळी फोन करणार आहे. सांगेन की पहिला अर्धा तू बाकावर असशील, का असशील तेही सांगेन, आणि दुसऱ्या अर्ध्यासाठी थांबा म्हणून विनंती करेन. ते थांबतील की नाही, ते माझ्या हातात नाही.

टोबायस : 'का' म्हणजे काय सांगणार?

रोवीना : तेच तुला विचारायला बोलावलंय. काय सांगू?

टोबायस : सांगा की बाईंचा बाप गेला आणि बाई पोरांवर राग काढतायत.

रोवीना : सांगेन. आणखी?

टोबायस : मला तसं म्हणायचं नव्हतं.

रोवीना : म्हणालास, झालं. आणखी काय सांगू? इकडे बघ. इथपर्यंत तू कसा आलायस! तुला अडवणारा मागं राहिलाय, त्याची दमछाक झालीय. कॉलिसनं हात मागं नेला. आणि इथं तुझी मान वळली. चेंडू अजून सुटायचाय. कुणाकडे बघतोयस?

टोबायस : त्यांच्या त्या मधल्या धिप्पाडाकडे.

रोवीना : कुठे आहे तो?

टोबायस : येतोय.

रोवीना : बराच लांब आहे.

टोबायस : इथून लांब दिसतो. तिथं नव्हता.

रोवीना : कधीपासून असं होतंय?

टोबायस : काय होतंय? काही होत नाही.

रोवीना : बरं.

टोबायस : पहिल्या सामन्यापासून.

रोवीना : तुला मधे आपटलं होतं, तेव्हापासून?

टोबायस : श्वासच येईना हो. वर नुसते दिवे दिसत होते, आणि आवाज सगळा बंद. एवढी माणसं, आणि आवाज नाही. मग उठून बसलो, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, संपलं. डॉक्टरनं तपासलं, सगळं ठीक आहे म्हणाला. ठीकच आहे. कडेकडेनं पळतो तेव्हा मला काही होत नाही. मधे जायची वेळ आली की पाय ऐकत नाहीत. मी थांबत नाही, कोच. तेच थांबतात.

रोवीना : कुणाला बोललास हे?

टोबायस : कुणी विचारलंच नाही.

रोवीना : आईला?

टोबायस : तिला सांगितलं तर उद्याच माझे बूट उचलून बाहेर टाकेल. गंमत सांगू? रविवारी टेप लागली की मला वाटायचं, आता सापडलो. आता कोणीतरी म्हणणार, काय रे, काय झालं तुला? आणि तेवढ्यात कुणाचा तरी हात वर. माझी चूक, माझी चूक. तुम्ही म्हणायचात 'बरं'. पुढची टेप.

रोवीना : सुटल्यासारखं वाटलं असेल.

टोबायस : पहिल्यांदा वाटलं. नंतर वाटायला लागलं, सगळ्यांना कळलंय आणि कुणाला बोलायचं नाहीये. दुखणाईताच्या खोलीत बोलतात तसं माझ्याशी बोलायला लागले सगळे. एक कॉलिस सोडून. तो बोलतच नाही.

रोवीना : त्याला काय वाटतंय?

टोबायस : की त्याच्या फेकीवर माझा भरवसा नाही. मुद्दाम तोंडघशी पाडलं म्हणतो.

रोवीना : आज त्याच्या घरी जा.

टोबायस : जाऊन काय सांगू?

रोवीना : मला आत्ता सांगितलंस ते.

टोबायस : तो हसेल.

रोवीना : हसेल कदाचित. त्याच्या आईसमोर सांग. तिला ते कळायला हवंय.

टोबायस : आणि मला मधे जाता आलंच नाही तर? कधीच?

रोवीना : तर तुला कडेनं पळवू. तुझ्या जागी दुसरा मधे जाईल. ते जमवता येतं. पण ते मला बुधवारी, सरावात कळायला हवं. शुक्रवारी, चेंडू हवेत असताना, कॉलिसला नाही.

टोबायस : कडेनंच पळणारा पोरगा विद्यापीठाला नको असतो.

रोवीना : असं असेलही. मी तुला खोटं सांगणार नाही.

टोबायस : म्हणजे बाकावरच.

रोवीना : पहिला अर्धा. माझ्या शेजारी उभा राहा. त्या धिप्पाडासारखा या शुक्रवारच्या संघातही कुणीतरी मधला असेल. तो किती वेळा वेळेवर पोचतो ते बघ आणि मला सांगत राहा. दुसऱ्या अर्ध्याच्या पहिल्या खेळाला मी तुला मधे पाठवीन.

टोबायस : पहिल्याच?

रोवीना : नको असेल तर तेव्हा सांग. तोंडानं. पायांनी नाही.

टोबायस : कोच गिड्री तुम्हाला फाडून खातील.

रोवीना : त्यांच्याशी मी बघेन.

टोबायस : मघाशी मी तुमच्या वडिलांवरून बोललो ना, ते...

रोवीना : राहू दे.

टोबायस : एक विचारू? थोरल्या कोचना वाटली का हो कधी भीती? हॉस्पिटलात?

रोवीना : वाटली.

टोबायस : तुम्हाला म्हणाले?

रोवीना : नाही. एका नर्सला म्हणाले. ती त्यांना पुरल्यानंतर मला भेटली, तेव्हा तिनं सांगितलं.

टोबायस : तुम्हाला का नाही?

रोवीना : मला त्रास नको म्हणून.

टोबायस : पण सांगितलं असतं तर झालाच असता ना त्रास.

रोवीना : झाला असता. पण मी तिथंच होते रे. त्यांच्या पलंगाशेजारी. रोज.