दोन पंप आणि रापणीतला वाटा

सावित्री : ‘दर्याक पाठ दाखवू नको रे, तोंड दाखव आणि मागे चल.’ रापणीचा मोठा जाळा सगळ्यांनी मिळान किनाऱ्याक ओढताना मामंजी अशी हाळी घालीत. लगीन होऊन ह्या घरात इलंय, तेव्हा पयल्यांदा ऐकलंय. काल जीप टेकाडार सरळ चढाना तेव्हा तीच आठवली, म्हणान तुमका सांगलंय, भावजी, गाडी उलटी चढवा.

शिवा : आणि चढली की. बाबांना जाऊन इतकी वर्षं झाली, तरी त्यांच्या हाळीनं जीप टेकाडावर गेली. मुंबईच्या गॅरेजात एवढ्या गाड्या उघडल्या मी, पण पाठमोरी चढवायचं डोक्यात आलं नसतं.

सावित्री : पेट्रोलचो डबो इंजिनाच्या मागे टांगलेलो. गाडीन नाक वर केला की डबो खाली आणि इंजिन तानेलेला. शेपूट वर केली की डबो वर, पेट्रोल आपसूक इंजिनात उतरता. ह्येका कसली अक्कल लागता?

शिवा : पण वयनी, बांगड्यांच्या टोपल्या भरल्यावर मागचं काय दिसणार? रोज कोण चढणार असं? पंप हवाच. हे दोन आणलेत. हा पहिला त्या टॅक्सीचाच, जिचं इंजिन आपण जीपमध्ये घातलं. इंजिनाच्या कुशीत बसतो. इंजिन फिरलं की ह्याची दांडी हलते आणि पेट्रोल ओढते. हा दुसरा विजेचा. मागे टाकीजवळ बसतो, बॅटरीवर चालतो.

सावित्री : पयल्याच्यो खोडी सांगा. सोयरिकीत गुण सगळेच सांगतत.

शिवा : हा धुराच्या नळीला खेटून बसतो. भर दुपारी वाळूत गाडी रांगायला लागली की इंजिन तापणार आणि पेट्रोलची आतल्या आत वाफ होणार. वाफ काही पंपाला ओढता येत नाही. शिवाय जीपच्या पोटात जागा कमी, स्टिअरिंगच्या दांड्याला घासतो.

सावित्री : तापता आणि घासता. तुमच्या भावासारखोच. तो बोटीर नोकरीक आसा तोच बरो. दुसरो कसो?

शिवा : दुसरा थंड डोक्याचा. पण खारी हवा त्याला सोसत नाही. आत दोन टिकल्या असतात, चिकटतात नि सुटतात. त्यांना गंज चढला की बसला रुसून.

सावित्री : रुसलो तर?

शिवा : हातोडीच्या दांड्यानं हळूच टकटक करायचं. उठतो. मग सवडीनं टिकल्या पुसायच्या.

सावित्री : बॅटरी लावा बघूया. त्येचो आवाज ऐकांदे.

शिवा : नळी पेट्रोलच्या डब्यात सोडली, दुसरं टोक बोटानं दाबलं. ऐक.

सावित्री : पाल चुकचुकता तसो. आणि आता गप झालो. बिघाडलो?

शिवा : नाही गं, पोट भरलं त्याचं. इंजिन पिऊ लागलं की परत बोलेल. थांबायचं नावच घेतलं नाही, तर समज टाकी तरी रिकामी, नाहीतर नळी फुटली.

सावित्री : मगे होच लावा. पयलो मुको आसा, मरताना पण सांगूचो नाय. खाऱ्या हवेचा माझ्यार सोडा. सायकलच्या ट्यूबचो तुकडो गुंडाळतंय आणि तोंडाक मेण लावतंय. आटपा आता. रापण किनाऱ्याक लागली की गंगारामकाका सगळ्यांका घेऊन गाडी चढता काय ती बघूक येतले.

शिवा : एवढी घाई कशाला, वयनी?

सावित्री : घाई नाय तर काय? रापणीच्या मासळीत जाळ्याक वाटो, होडयेक वाटो, देवीक वाटो. आज सरळ तोंडान चढली तर गाडयेक पण वाटो. तारकर्लीसून मालवणच्या बाजारापर्यंत टोपली डोक्यार घेऊन चलतंव, आणि पोचासर बांगडे मऊ पडतत. महाराष्ट्र झालो तेव्हापासून रस्तो येता म्हणतत. अजून वाटेतच आसा.

(दुपार. शिवानं चढवलेली जीप टेकाडाच्या माथ्यावर उभी आहे. रापणीचा म्होरक्या गंगाराम धापा टाकत वर येतो.)

गंगाराम : चढली गो, सावित्री! पिशाळलेल्या रेड्यासारखी चढली. आमच्या रापणीतल्या दाजीन पैज मारलेली, चढली तर मिशी काढतंय म्हणान. आता तो खंय दिसना नाय.

शिवा : मग काका, वाटा?

गंगाराम : त्येच्यारच इतको येळ बोलणा चललला. कोण अर्धो म्हणता, कोण म्हणता गाडयेक कसलो वाटो, ती काय जेवता? मी पुरो मागलंय, आणि झाले कबूल. पण एक गोष्ट सगळ्यांनीच विचारली. जाळ्यापाठी विणणारो आसता, होडयेपाठी तांडेल आसता. शिवा, तू दिवाळी झाली की मुंबयक जातलंस. तुझो भाव हरिश्चंद्र बोटीर. मगे गाडी हाकतलो कोण? नाव होया, आणि आताच होया. नाव नाय तर वाटो नाय.

शिवा : गावातल्या परशुरामाला शिकवतो मी. आठवड्यात तयार होईल.

गंगाराम : परशुराम सायकलवरना पडता, रे. लोक हसतले.

शिवा : मग थोडे दिवस द्या.

गंगाराम : खाली माणसां ओल्या अंगान उभी आसत. मी जाऊन काय सांगू?

सावित्री : काकानू, माझा नाव सांगा.

गंगाराम : तुझा?

शिवा : वयनी, काहीतरीच काय. मी तुला एकदासुद्धा चाकामागे बसवलं नाही. क्लच कुठला, ब्रेक कुठला, ते तरी ठाऊक आहे का तुला?

सावित्री : डाव्या पायाखाली क्लच. दुसरो गेर घालताना मदी वायच थांबाचा लागता, नायतर करकरता.

शिवा : हे तुला कोणी सांगितलं?

सावित्री : कोणी नाय. डबो टांगलात त्येच्या दुसऱ्या दिवसापासून, तुमी उठायच्या आदी, मी गाडी ओल्या वाळूत फिरवतंय. दर्याच्या गाजेत इंजिन कोणाक ऐकाक येना नाय. आणि चाकांचे माग लाटो पुसून न्हेतत.